एबेनफेल्डमधली पहिली तक्रार

सेंट लुइस, मिसुरी
इस्पितळाचा सहावा मजला, खिडकीकडची खाट
शुक्रवार, १३ मार्च १९८७

प्रिय लिओनाताईस,

धाकट्या ऑर्विलचा पडल्यापडल्या नमस्कार. (उठून करायची इथे परवानगी नाही.) तुझा गुडघा, तुझ्या कोंबड्या आणि तुझे धाकटे जावई या तिघांची तब्येत नेब्रास्काच्या त्या वाऱ्यात टिकून असेल अशी आशा आहे. जावयांना अजून काम मिळालं नसेल तर विचारलं म्हणून सांगू नकोस, उगाच त्यांना वाईट वाटेल. मिळालं असेल तर मला कळव, म्हणजे मला आश्चर्य वाटून घेता येईल.

इकडे सगळं ठीक आहे. वरचा पत्ता वाचून घाबरू नकोस. इथे मी मुख्यतः आरामासाठी आलोय. तुझी भावजय वर्ना बरी आहे. छपराची पन्हळ बरी आहे. आपला बिशप बोका तर इतका बरा आहे की बघणाऱ्याला संशय यावा. या हिवाळ्यात त्याच्या अंगावर असा काही केसांचा कोट चढलाय की गेल्या महिन्यात पोस्टमनने त्याला अस्वलाचं पिल्लू समजून टपाल कुंपणाबाहेरच ठेवलं. कानांतून केस, पंजांच्या फटींतून केस, आणि भुवया! बोक्याला कधी भुवया पाहिल्यास? ते असो. बोक्याचा विषय मी सहज काढला, त्याचा पुढच्या मजकुराशी काही संबंध नाही.

आता मूळ मुद्दा. गेल्या जूनमध्ये माझं हृदय बदललं तेव्हा तू आली होतीस, त्यामुळे ते परत सांगत नाही. त्यानंतरचं मात्र तुला नीट माहीत नाही, कारण तू फोनवर विचारलंस आणि मी 'ठीक' म्हटलं. अडचण अशी आहे की हृदय नवं असलं तरी बाकीचा मी जुनाच आहे. अंगात पांढऱ्या पेशी म्हणून पहारेकरी असतात. एखाद्या दिवशी त्यांच्या डोक्यात येतं की हा कोण परका आपल्या घरात धडधडतोय, आणि त्या धावून जाऊन त्याचे लचके तोडायला लागतात. बाहेरून काही कळत नाही. कळतं तेव्हा पास्टरांना बोलावण्याइतकाच वेळ उरलेला असतो. म्हणून डॉक्टर दर काही आठवड्यांनी मानेतल्या शिरेतून एक तार आत सारतात आणि तिच्या टोकाच्या चिमट्याने हृदयाचा कण तोडून तपासायला नेतात. जानेवारीपर्यंत चौदा वेळा झालं. ज्याचं हृदय होतं त्याने ते मला अख्खं दिलं, आणि आता ते कणाकणाने काचेच्या पट्ट्यांवर राहायला चाललंय.

इथल्या डॉक्टर पेट्राकिस बाई मूळच्या न्यूयॉर्ककडच्या, ग्रीक घरातल्या. त्यांच्याकडे म्हणे मामाचा दात दुखला तर सगळ्या गल्लीला रात्रीचं जेवण गोड लागत नाही. त्यामुळे आपल्या एबेनफेल्डची माणसं त्यांना समजतच नाहीत. त्या दर खेपेला विचारतात, "ऑर्विल, कसं वाटतंय?" मी म्हणतो, "ठीक." मग त्यांनी शून्य ते दहाची पट्टी काढली, शून्य म्हणजे त्रास नाही, दहा म्हणजे असह्य, किती? मी म्हटलं, "मला नको बाई, ते आकडे खऱ्या आजारी माणसांसाठी राहू द्या." त्यांनी कपाळाला हात लावला.

मी त्यांना गुस्टाफकाकांची गोष्टही सांगितली, वाटलं त्यांना उलगडा होईल. गोठ्याचं छप्पर अंगावर कोसळून काका खाली अडकले होते, आणि वरून बाबांनी ओरडून विचारलं, "गुस्टाफ, कसा आहेस?" खालून आवाज आला, "ठीक. तुमची जेवायची वेळ झाली असेल, जेवून या." आणि सगळे जेवून आले! बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. 'ठीक'च्या वरची पायरी मी त्यांना सांगितलीच नाही. आई 'मी अगदी ठीक आहे' असं जन्मात एकदाच म्हणाली, बाबांना पुरून आपण घरी आलो त्या दुपारी. आठवतंय? म्हणाली, आणि तिने घरातले सगळे पडदे उतरवून धुतले, वाळवून परत लावले, आणि लगेच परत उतरवून धुवायला घेतले. आपण दोघं जिन्यावर बसून बघत होतो.

तर पेट्राकिस बाई म्हणाल्या, या माणसाच्या तोंडून काही निघणार नाही, आपण त्याच्या पेशींनाच विचारू. त्यांची एक नवी चाचणी चालू आहे. माझं रक्त काढायचं, त्यातून त्या पहारेकरी पेशी वेगळ्या करायच्या, त्यांना इंडियम नावाच्या धातूची किरण सोडणारी खूण लावायची, आणि त्याच दुपारी परत माझ्याच अंगात सोडायच्या. दोन दिवसांनी एक मोठा कॅमेरा छातीवर धरला की खुणेच्या पेशी कुठे जमल्यात ते दिसतं. बाबा गायी रानात सोडताना गळ्यात घंटा बांधायचे ना, तसंच हे. घंटा कुरणात वाजल्या तर ठीक, शेजाऱ्याच्या मक्यात वाजल्या तर पळा. माझ्या बाबतीत मका म्हणजे हृदय. जमाव दिसला तर हृदय नाकारलं जातंय, आणि काळोख दिसला तर पुढेमागे मानेतली तारसुद्धा वाचेल.

मंगळवारी पेशींना घंटा बांधून झाल्या. तिथल्या माणसाने निघताना सांगितलं की किरण अगदी थोडे आहेत, घाबरण्यासारखं काही नाही, तरी दोन दिवस तान्ही मुलं मांडीवर घेऊ नका आणि गरोदर बायकांना चिकटून बसू नका. मी हे वर्नाला सांगितलं. वर्नाने हुल्डाकाकूंना सांगितलं, कारण त्यांच्या सुनेला सातवा महिना आहे. हुल्डाकाकूंनी कोणाला सांगितलं ते विचारू नकोस. घरी पोचलो तेव्हा शेजाऱ्यांनी पाठवलेलं बटाट्याचं भांडं आमच्या पायरीवर नव्हतं, टपालपेटीच्याही पलीकडे रस्त्याच्या कडेला होतं. वर चिठ्ठी होती: 'भांडं परत करायची घाई नाही. खरंच नाही.'

बुधवारी चर्चच्या तळघरात उपासाच्या दिवसांतलं जेवण होतं. (उपास म्हणजे दोन प्रकारचं सूप, पाव, सॉसेज आणि हिरव्या जेलीत गाजराचा कीस. आपल्या लोकांचा उपास तुला ठाऊक आहे.) मी जाणार नव्हतो. पण मी गेलो नाही तर लोकांना वाटेल की आपण नको होतो असं याला वाटलं, आणि मग त्यांना वाईट वाटेल, म्हणून गेलो. माझ्याभोवती दहा फुटांचं रिकामं रिंगण पडलं, पण इतकं अदबीनं! प्रत्येकजण येऊन म्हणायचा, "ऑर्विल, बस बस, आम्हाला तिकडे जरा उजेड बरा पडतो." तळघर आहे ते. तिथे उजेड कुठेच पडत नाही.

तेवढ्यात एल्मर आला. तुला एल्मर आठवत असेल, तुझ्या वर्गात तिसऱ्या इयत्तेत दोनदा बसलेला. अणुबॉम्ब पडला तर गावाचं रक्षण करायला सरकारने १९६२ साली त्याला किरण मोजायची एक पिवळी पेटी दिली होती. दर शनिवारी तो ती पुसतो, नवे सेल घालतो. पंचवीस वर्षं बिचारा बॉम्बची वाट बघत बसला, आणि शेवटी आलो मी. पेटी त्याने कोटाखाली लपवली होती, पण ती टिकटिकते. तो सहज फिरत फिरत माझ्या खुर्चीमागे आला आणि कोट बोलायला लागला. टिक. टिक-टिक. टिकटिकटिक. सगळ्यांना ऐकू येत होतं आणि कोणालाच ऐकू येत नव्हतं. पास्टरांनी प्रार्थनेचा आवाज चढवला. एल्मरचा चेहरा लग्नातल्या नवऱ्यासारखा फुलला होता. मला म्हणाला, "ऑर्विल, हवा बरी आहे नाही आज?"

मग तो जेली घ्यायला टेबलाकडे गेला, आणि कोट वेडा झाला! माझ्याजवळ वाजला त्याच्या कितीतरी पट जोरात, तव्यावर मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसा. एल्मर दचकून मागे सरला. आवाज थांबला. पुढे झाला. परत तडतड. तिथे मी नव्हतो, कोणीच नव्हतं. तिथे होत्या हुल्डाकाकूंच्या नारिंगी बशा, त्यांच्या आईच्या लग्नातल्या, चाळीस वर्षं आपण सगळे ज्यांत उपासाचं जेवतो त्या. (काल पेट्राकिस बाई म्हणाल्या, जुन्या काळी तसल्या नारिंगी झिलईत युरेनियम घालत असत. हे हुल्डाकाकूंना कळता कामा नये.)

चाळीस माणसांच्या हातांत चाळीस नारिंगी बशा. आता ताई, दुसऱ्या कुठल्याही गावात काय झालं असतं? बशा खाली ठेवल्या असत्या. पण बशी खाली ठेवणं म्हणजे हुल्डाकाकूंच्या बशीबद्दल तक्रार करणं. कोणी ठेवली नाही. उलट सगळे उठून दुसऱ्यांदा वाढून घ्यायला गेले. एल्मरनेही घेतली, आणि पेटी मांडीवर ठेवून, बशी पेटीवर ठेवून, त्या तडतडाटात जेली खाल्ली. हुल्डाकाकू म्हणाल्या, "आणखी घ्या ना, बशा भरपूर आहेत."

आणि इथे माझं डोकं फिरलं. तीस वर्षं गुरांच्या बाजारात लिलाव पुकारलेल्या माणसाला असा भरभर चढत जाणारा आवाज ऐकवू नये. ती टिकटिक मला बोलीसारखी ऐकू यायला लागली. मी उठलो, एक बशी उचलली आणि पुकारायला लागलो, "एक बशी, नारिंगी बशी, आपली आपण गाणारी बशी, कोण म्हणतो एक, एक झाला, दोन म्हणा, दोन दोन दोन, मागच्या बाकावर दोन, तीन कोण म्हणतो!" जीभ अशी सुटली, लिओनाताई, जशी हृदय बदलल्यापासून एकदाही सुटली नव्हती! एकेक शब्द वेगळा, घुंगरासारखा. पुरुष बाजारात खुणेने बोली लावायच्या सवयीने कानाच्या पाळ्या ओढायला लागले, टोप्या सरकवायला लागले. बशी पास्टरांना गेली. (त्यांनी फक्त नाक खाजवलं होतं. पण तसं सांगायचं म्हणजे तक्रार. घेतली बिचाऱ्यांनी.) सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले.

एकटी वर्ना टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

आता ते सांगायलाच हवं. पेशींनी हृदयाला हात लावू नये म्हणून एक औषध असतं, तेलकट, खवट, वर्ना ते सकाळ-संध्याकाळ दुधात कालवून देते. त्याने पेशी गुंगतात खऱ्या, पण हिरड्या अशा सुजतात की दात दिसेनासे होतात, आणि अंगावर जिथे नको तिथे केस येतात. केसांचं मला काही नाही. पण त्या हिरड्यांनी माझी बोली खाल्ली. डिसेंबरच्या बाजारात मी पुकारायला उभा राहिलो तर तोंडातून लापशी सांडल्यासारखे शब्द. लोक फार चांगले वागले. कोणी हसलं नाही. सगळे म्हणाले, "छान, ऑर्विल, ठीक झालं." ते 'ठीक' ऐकून मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. एप्रिलच्या चार तारखेला वसंतातला मोठा बाजार आहे. म्हणून जानेवारीच्या अखेरीपासून मी संध्याकाळचा पेला घेऊन मागच्या पडवीत जायचो, आणि पेला बिशप प्यायचा. (इस्पितळात रक्त तपासायचं असलं की आदल्या संध्याकाळी मात्र मीच प्यायचो. मी मूर्ख नाही.) तो बोका काहीही पितो, हे तुला ठाऊक आहे. तुझं अत्तर त्यानेच प्यायलं होतं.

बुधवारी घरी येताना गाडी वर्नाने चालवली. फाटकाशी आल्यावर म्हणाली, "बिशपचा कोट यंदा फारच दाट झालाय, नाही?" मी म्हटलं, "थंडी होती ना." ती म्हणाली, "ठीक."

काल गुरुवारी कॅमेऱ्याखाली निजवलं. मग पेट्राकिस बाईंनी खुर्ची ओढली आणि विचारलं, "ऑर्विल, कसं वाटतंय?" मी म्हटलं, "ठीक." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. यकृत उजळ होतं, प्लीहा उजळ होती, ते म्हणे नेहमीचंच. पण मधे, जिथे काळोख हवा होता, तिथे माझं हृदय दिव्यासारखं पेटलं होतं. बाई म्हणाल्या, "या सगळ्या तुमच्याच पेशी. एबेनफेल्डच्याच. आणि बघा, एकूण एक तक्रार घेऊन आल्यात." त्या चिडल्या नव्हत्या, त्यांचा आवाज बसला होता. पुढे विचारलं, "औषध वेळेवर चालू आहे ना?" मी म्हटलं, "ठीक चाललंय." तेव्हा वर्नाने आपली पर्स उघडली, रुमाल काढला, रुमालाची घडी उलगडली, आणि बिशपच्या केसांचा मुठीएवढा पुंजका डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. बाई त्या केसांकडे बघत राहिल्या, मग माझ्या हिरड्यांकडे, मग परत केसांकडे. आणि मग न्यूयॉर्कचे लोक कसे ओरडतात ते मला कळलं. सहावा मजला हादरला. खरं सांगू? बरं वाटलं. कोणीतरी ओरडायला हवं होतं.

मानेतली तारही घातली, पंधराव्यांदा, आणि तिने पेशींच्याच बाजूने साक्ष दिली. आता तीन दिवस सुईतून जोरदार औषध चाललंय, त्याने पेशी माघार घेतील अशी आशा आहे. सोमवारी, तेवीस तारखेला, परत खुणेच्या पेशींचं चित्र काढणार आहेत. हृदयाच्या जागी काळोख दिसला तर वाचलो. परत पेटलेलं दिसलं तर त्यापुढचं बाई बोलत नाहीत, आणि ज्या अर्थी त्या बोलत नाहीत त्या अर्थी ते वाईट असणार. एप्रिलचा बाजार दुसरा कोणीतरी पुकारेल. मी संध्याकाळचा पेला नर्सच्या डोळ्यांसमोर पितो आणि पेला उलटा करून दाखवतो.

बाकी सगळं क्षेम. जेवण बेताचं. तुझ्या गुडघ्याला जप.

तुझा धाकटा भाऊ,
ऑर्विल

ता. क. काल पेला मिळाला नाही तर बिशप संध्याकाळभर पडवीत बसून रडला आणि केस गाळायला लागला, असं वर्ना म्हणते. तुझ्याकडे तो मोठा घोड्याचा ब्रश आहे, तो मिळाला तर बरं.

ता. क. दुसरा. ब्रशासाठी एवढं पत्र लिहिलं नाही. ज्या मुलाचं हे हृदय, त्याच्या आईने सप्टेंबरात इस्पितळामार्फत एक चिठ्ठी पाठवली होती. नाव नाही, गाव नाही, एकच ओळ: 'ते कसं आहे?' तिच्याकडे विचारायला दुसरं काही उरलेलं नाही, ताई. मी तेव्हा कागद घेऊन 'ठीक आहे' असं लिहिलं, पण पाठवलं नाही. ते बाजारातल्या माझ्या बोलीसारखं वाटलं. आणि मग तिच्या मुलाचं हृदय मी एका बोक्याच्या भरवशावर ठेवलं. तू चाळीस वर्षं मुलांना पत्रं लिहायला शिकवलंस. मला तिला एक पत्र लिहायचंय, आणि त्यात 'ठीक आहे' असं लिहायचंय, आणि ते एकदा तरी खरं असायला हवंय. मला फार भीती वाटते. ही तक्रार समज. तेवीसला सकाळी आठ वाजता चित्र आहे. येशील का?

ता. क. तिसरा. वर्नाला यातलं काही बोलू नकोस, ती उगाच काळजी करत बसेल. ती खंबीर आहे, तिचं छान चाललंय. पाकीट तिच्याकडेच टपालात टाकायला देतोय.

लिओना, पाकीट चिकटवायच्या आधी माझ्या दोन ओळी. पत्र वाचलेलं नाही, पण एवढं जाड आहे म्हणजे याने तुला बशांची गोष्ट सांगितली असणार. माझ्यासाठी धावत येऊ नकोस, तुझा गुडघा आधीच दुखतोय. काल घरी जाऊन सगळे पडदे धुतले. आज सकाळी परत धुतले. मी अगदी ठीक आहे.
वर्ना